तिठ्यावरचा चार्जर

स्काइदीच्या तिठ्यावर सहा चार्जर आहेत.
दोन बंद. एकाची वायर आखूड,
गाडी उलटी लावली तरच पोचते.
उरले तीन.
वर सेन्नालान्नेच्या पठारावर वारा सुटलाय,
रस्ता मिटलाय, म्हणून सगळे इथेच, रांगेत.

दुपारचे दोन. अंधार.
नोव्हेंबरच्या अखेरीपासून सूर्य इकडे फिरकलेला नाही,
ते कुणी मनावर घेत नाही.
मनावर घेतात ते आकडे:
सुल्फ्रीदच्या गाडीत अकरा टक्के.

नंबर लागतो तशी ती उतरते.
थंडीने वायर अशी ताठरलेली
की काखेत धरावी लागते, मांडीने रेटावी लागते,
आडमुठ्या वासराला दाव्याशी न्यावं तसं
न्यावं लागतं.
खट्.
पडदा उजळतो आणि म्हणतो:
आर्नफिन, स्वागत आहे.

दर वेळी म्हणतो.
खातं त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर,
यंत्र गाडी ओळखतं,
उतरलं कोण, ते नाही बघत.
पावत्या त्याच्या मेलवर जातात.
एप्रिलपासून एक्क्याण्णव झाल्या,
एकही उघडलेली नाही.

जूनमध्ये तिने कंपनीला फोन केला होता.
पलीकडची मुलगी गोड बोलली.
पाच मिनिटांचं काम, म्हणाली,
मृत्यूचा दाखला जोडा, नवं नाव टाका.
जुना इतिहास तेवढा पुसला जाईल, चालेल ना?
इतिहास म्हणजे?
म्हणजे कुठे, कधी, किती युनिट.
सुल्फ्रीद म्हणाली, मी करते नंतर फोन.

त्या रात्री तिने तो पहिल्यांदा वाचला.
ओल्डरफ्योर्ड, चौदा मिनिटं.
बहिणीकडे जाताना. कॉफी सांडली होती.
आल्टा, चाळीस मिनिटं, पुन्हा आल्टा, पुन्हा आल्टा,
तेव्हा डॉक्टर बोलत होता आणि गाडी बाहेर भरत होती.
कार्लेबोत्न, पहाटे सव्वातीन, सहा युनिट.

कार्लेबोत्नमध्ये त्यांचं कुणीच नाही.
त्या आठवड्यात ती आईजवळ होती, दक्षिणेला.
सहाच युनिट.
थांबला, आणि लगेच निघाला.
की थोडं भरून मग तिथेच बसून राहिला?
एवढंच तर यंत्र लिहून ठेवत नाही.

काचेवर टकटक.
मागच्या टॅक्सीचा तेस्फालेम, भुवयांवर बर्फ.
किती झाले?
चौऱ्याहत्तर. ऐंशीला निघते.
तो मान डोलावतो. ऐंशीनंतर वीज थेंबथेंब येते,
शेवटचे वीस टक्के जीव खातात,
रांग असताना कुणी तिथवर बसत नाही.

आर्नफिन बसायचा.
शंभरपर्यंत, ढिम्म, हातात शब्दकोडं.
मागून हॉर्न वाजायचे, ती लाजेने सीटमध्ये खाली सरकायची,
तो म्हणायचा, अर्धवट पोटी डोंगर चढू नये.
स्वतः मात्र ऐंशीसुद्धा गाठली नाही,
दोन महिने राहिले होते.

ऐंशी.
वायर काढताना तेस्फालेम दुसऱ्या बाजूने हात देतो.
पडद्यावर निरोप येतो, तो अक्षरं जुळवून वाचतो:
धन्यवाद, आर्नफिन, सांभाळून जा.
मग तिच्याकडे बघतो. इथे येऊन त्याला तीनच वर्षं झालीत.
हे बाईमाणसाचं पण नाव असतं का?

सुल्फ्रीद वायर खुंटीला अडकवते,
हातमोज्यावरचा बर्फ झटकते.
असतं, म्हणते. कधीकधी.

तेवढ्यात बर्फ ढकलणारं यंत्र येतं,
डोक्यावर पिवळा दिवा गरगरत.
त्याच्यामागून एकेक गाडी,
अंतर राखून, वायपर चालू ठेवून, पठारावर चढते.
हीटर लावावा की नको, ती ठरवत असते.
एकोणऐंशी.